एकच ‘पोर्ट’, तीन घराणी

प्रश्न (एक शिक्षिका, फोंडा) : सातवीच्या मुलांकडून शब्दगट करून घेते. पी-ओ-आर-टी ही अक्षरं असलेले इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट ‘वाहून नेणे’ या अर्थात बसतात. पण मुलं एअरपोर्ट, पोर्टल, पोर्शनही त्याच गटात टाकतात. त्यांना काय सांगावं?

उत्तर : घोटाळा मुलांचा नाही, इंग्रजीचा आहे. लॅटिनमध्ये तीन वेगळे शब्द होते : पोर्तारे म्हणजे वाहून नेणे, पोर्तुस म्हणजे बंदर, पोर्ता म्हणजे वेशीचा दरवाजा. इंग्रजीत येईपर्यंत शेवट झडले आणि तिघे सारखेच दिसू लागले.

पोर्तुगीजने मात्र शेवट सांभाळला. घरात सेगुंद ग्राव (पोर्तुगीज काळातलं शालेय शिक्षण) केलेले आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याकडेच पाठवा. दाराला ते ‘पोर्ता’ म्हणतील, बंदराला ‘पोर्तु’, आणि वाहण्याचं क्रियापद असेल तर शेवटी ‘आर’ येईल : इंपोर्तार, त्रान्सपोर्तार. पोर्टल दाराचा, एअरपोर्ट बंदराचा, हे तिथेच सुटतं.

वर्गात वाहण्याचा गट आधी घ्या, तो सर्वांत मोठा. शब्द तोडायचा, उपसर्गाचा अर्थ लावायचा, मग ‘वाहणे’ जोडून पाहायचं. ‘एक्स’ बाहेर, ‘इम’ आत, ‘ट्रान्स’ पलीकडे. ‘री’ म्हणजे मागे, म्हणून रिपोर्ट ही परत आणलेली खबर. सपोर्टमध्ये ‘सब’ आहे, म्हणजे खालून पेलणं. पोर्टफोलिओ म्हणजे पानं वाहून नेण्याची पिशवी. मंत्र्यांचं खातं हा अर्थ नंतर आला. पोर्टर हा शब्द दोनदा लिहावा लागेल : स्टेशनवरचा हमाल वाहण्याच्या गटात, हॉटेलच्या दाराशी उभा राहणारा दाराच्या गटात. स्पेलिंग एकच, मूळ वेगळं.

पोर्शन, प्रपोर्शन आणि पोर्ट्रेट तिन्ही गटांबाहेर ठेवा. पहिले दोन ‘वाटा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले. पोर्ट्रेटच्या मुळाशी ‘ओढणे’ आहे, तिथे अक्षरं नुसती शेजारी येऊन बसली आहेत. मूल इथे ‘वाहणे’चा अर्थ ओढूनताणून बसवू लागलं की थांबवा. अर्थ सहज बसत नसेल तर आधी शब्दकोशातली व्युत्पत्ती पाहायची सवय लावा.

प्रश्न (एक पालक, वास्को) : मुलगी ऑपॉर्च्युनिटी आणि सपोर्ट नेहमी एकाच ‘पी’ने लिहिते. पाठ करण्याखेरीज उपाय?

उत्तर : आहे. उपसर्ग ‘ऑब’ किंवा ‘सब’ असेल आणि पुढे ‘पी’ आला, तर ‘बी’चा ‘पी’ होतो. म्हणून एक ‘पी’ उपसर्गाचा, दुसरा पोर्टचा. ‘री’ आणि ‘डी’ स्वरावर संपतात, तिथे बदलायला व्यंजनच नाही. म्हणून रिपोर्ट, डिपोर्ट एका ‘पी’चे. इम्पोर्टमध्ये ‘इन’चा ‘इम’ होतो, तेही त्याच ‘पी’मुळे. मुलीला शब्द उभ्या रेघेने तोडून लिहायला लावा : ऑप, मग पोर्ट, मग उरलेलं. घरात पोर्तुगीज येणारं कुणी असेल तर चूक तिथूनही शिरते, कारण १९११च्या लेखनसुधारणेनंतर पोर्तुगीजमध्ये हे शब्द एकाच ‘पी’ने लिहितात.

ऑपॉर्च्युनिटीतला पोर्ट मात्र बंदराचा. ‘बंदराच्या दिशेने’ वाहणारा वारा म्हणजे अनुकूल वारा, त्यावरून अनुकूल वेळ, त्यावरून संधी. मुरगाव बंदराच्या गावातल्या मुलीला हा अर्थ चटकन कळावा.

प्रश्न (एका तारवटीचा, म्हणजे खलाशाचा मुलगा, म्हापसा) : जहाजाची डावी बाजू ‘पोर्ट’ का?

उत्तर : जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे. ते धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या बाजूने लावत, म्हणजे डावी बाजू बंदराकडे. तिचं जुनं नाव लारबोर्ड होतं; ते स्टारबोर्डसारखं, म्हणजे उजव्या बाजूच्या नावासारखं, ऐकू येई आणि वाऱ्यात हुकूम चुकत. ब्रिटिश नौदलाने १८४४ साली ‘पोर्ट’ सक्तीचं केलं. पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल खिडकी, मात्र दाराच्या घराण्यातला, त्यामुळे तो स्टारबोर्डलाही असतो.