जड चॅसिस आणायची असेल, तर आधी तिची वाट तपासा

सुमारे १८० किलोची स्विच चॅसिस (कार्डे बसवायचा नेटवर्क स्विचचा मोठा सांगाडा) पुढच्या महिन्यात येणार आहे, इमारतीच्या व्यवस्थापनाने ‘मजला पुरेसा मजबूत आहे’ असे पत्र दिले आहे, आणि आता फक्त रॅक, म्हणजे उपकरणे बसवायची उभी धातूची चौकट, तपासला की पुरे का, असे आपण विचारले आहे. जवळजवळ याच शब्दांचे एक पत्र माझ्याही फाइलमध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वीजजोडणी आणि वातानुकूलन यांची तयारी आपण केलीच असेल, असे धरून चालतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही; मजल्याविषयीचा अंतिम निर्णय त्या जाणकारानेच द्यायला हवा.

आमचा रॅक उपकरणांसह ६४० किलोंचा होता. त्याचा तळ ०.६ गुणिले १.२ मीटर, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. भागाकार केल्यावर चौरस मीटरमागे साधारण ८९० किलो आले आणि तेवढ्यावर मी समाधान मानले. चूक तिथेच झाली. रॅक तळाच्या पूर्ण क्षेत्रफळावर उभा नसतो, तो चार पायांवर किंवा चार चाकांवर असतो. प्रत्येक चाकावर १६० किलो येतात, आणि फरशी किंचितही उंचसखल असली की दोनच चाके टेकतात व तो भार दुप्पट होतो. शिवाय मी विचार केला तो रॅक जिथे कायमचा उभा राहणार त्या जागेचा. दारापासून तिथवरच्या फॉल्स फ्लोअरिंगचा, म्हणजे स्लॅबच्या वर उंचावर टाइल्स बसवून केलेल्या जमिनीचा, विचार माझ्या मनात आलाच नाही.

भरलेला रॅक आम्ही ढकलत नेत होतो. नियोजित जागा चार टाइल्सच्या अंतरावर राहिली असताना मागचे डावे चाक अशा एका टाइलवर आले, जिच्या कडेला पूर्वी कधीतरी केबलसाठी खाच कापलेली होती आणि वर गालिच्याचा तुकडा टाकून ती झाकलेली होती. लाकूड चिरल्यासारखा आवाज झाला, चाक आत गेले आणि रॅक हळूहळू कलू लागला. त्या बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तो सावरण्यासाठी दोन्ही हात लावले. मी ओरडलो, तेव्हा तो बाजूला झाला; रॅक शेजारच्या भिंतीला टेकून थांबला. त्याची चौकट वाकली, हे नुकसान भरून निघाले. पण भिंत एक हात लांब असती तर काय झाले असते, हा विचार आजही माझा पिच्छा सोडत नाही. कलणारा रॅक माणसाने धरायचा नसतो आणि तो ज्या बाजूला कलू शकतो त्या बाजूला कोणी उभे राहायचे नसते, हे काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला सांगा.

आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाकडे मी तीन वेळा लेखी आकडे मागितले होते. दर वेळी ‘पुरेसा’ हाच शब्द परत आला, आणि अपघातानंतर मात्र भाराची खात्री करणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे, हे कलम तत्परतेने दाखवण्यात आले. ‘पुरेसा’ हे मोजमाप नव्हे. आपण स्लॅबची क्षमता, टाइलच्या एका बिंदूवर चालणारा भार आणि टाइलवरून चाक फिरताना चालणारा भार असे तीन वेगळे आकडे मागा. शेवटचे दोन आकडे सारखेच असतील असे गृहीत धरू नका. त्यानंतर वाटेवरची प्रत्येक टाइल स्वतः उचलून पाहा: खाच आहे का, खालचा पेडेस्टल (टाइलला आधार देणारा खांब) हलतो का, स्ट्रिंगर (हे खांब जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) जागेवर आहेत का. वाटेवर जाड प्लायवूडचे तक्ते एकमेकांवर थोडे चढवून अंथरा. भरलेला रॅक ढकलत नेण्याच्या मी आता पूर्णपणे विरोधात आहे. रॅकच्या उत्पादकाने भरलेल्या अवस्थेत हलवण्याची क्षमता स्पष्ट लिहून दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्या चॅसिसबाबत सांगायचे तर रिकामा रॅक आधी जागेवर समतल करून जमिनीला बोल्टने पक्का करा. उचलण्यापूर्वी चॅसिसमधून पॉवर सप्लाय, फॅन ट्रे (पंख्यांचा कप्पा) आणि लाइन कार्ड (नेटवर्कच्या केबल जोडायची कार्डे) काढून घ्या, म्हणजे वजन बरेच उतरते. त्यांच्या मुठी चॅसिस उचलण्यासाठी नसतात. यांत्रिक लिफ्टरच वापरा आणि चॅसिस रॅकमध्ये सर्वांत खाली बसवा. अर्थिंगची तार सर्वांत आधी जोडायची आणि काढताना सर्वांत शेवटी काढायची.

आणखी एक गोष्ट सहज राहून जाते. दारे आणि उद्वाहन मोजताना चॅसिसचे नव्हे, तर पॅलेटसह खोक्याचे माप धरा, आणि उद्वाहनाच्या क्षमतेतून पॅलेट ट्रकचे व सोबतच्या माणसांचे वजन वजा करा. खोके थंड ट्रकमधून आले असेल, तर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरते.

आपल्या पत्रात आकडा नसेल, तर उपकरण पाठवणाऱ्यांना तारीख अजून देऊ नका. टाइल्सच्या मागच्या बाजूला उत्पादकाचा छाप बहुधा असतो. इमारतीकडून उत्तर आलेच नाही, तर त्यावरून उत्पादकाकडेच थेट चौकशी करता येते.