रेकॉर्ड केलेला आवाज हार्डवेअर व्होकोडरमधून कसा काढायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जुना रॅकमधला व्होकोडर (माणसाचा बोलणारा आवाज सिंथच्या सुरावर चढवणारं यंत्र) घेतलाय, चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस आहे, गाणं आधीच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड झालंय, आणि व्होकोडरला नुसता माइक लावला तर काहीच ऐकू येत नाही. यंत्र बिघडलंय का आणि रेकॉर्ड केलेला ट्रॅक त्यातून पाठवता येईल का?

बिघडलेलं नसावं. व्होकोडर स्वतः गात नाही, त्याला दोन सिग्नल लागतात. एक तुमचा आवाज, म्हणजे मॉड्युलेटर. दुसरा एखाद्या सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर तयार करणाऱ्या वाद्याचा सूर, म्हणजे कॅरियर. यंत्र आवाजाचे खालच्या ते वरच्या कंपनांपर्यंत पट्टे पाडतं, प्रत्येक पट्ट्यात या क्षणी किती जोर आहे ते मोजतं आणि कॅरियरचे तेच पट्टे तेवढ्याच प्रमाणात उघडतं. कॅरियरच नसेल तर उघडायला काही नाही, म्हणून शांतता.

ट्रॅक पाठवता येतो, आणि माझ्या मते तोच चांगला मार्ग आहे. माइक थेट व्होकोडरला लावून गाण्यापेक्षा आवाज आधी कोरा, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावता, रेकॉर्ड करा आणि नंतर सावकाश व्होकोडरमधून काढा. मंचावर गायचं असेल तर गोष्ट वेगळी. घरी रेकॉर्डिंग करताना मात्र कोरा ट्रॅक हाताशी असला की कॉर्ड बदला, सिंथचा सूर बदला, दहा वेळा फिरवून बघा, गायकाला परत बोलवावं लागत नाही.

जोडणी अशी करा. आउटपुट १-२ स्पीकरसाठी आहेत तसे राहू द्या. ३ नंबर व्होकोडरच्या आवाजाच्या इनपुटला, ४ नंबर कॅरियरच्या इनपुटला, आणि व्होकोडरचं आउटपुट परत इंटरफेसच्या लाइन इनपुटला. सॉफ्टवेअरमध्ये ३ आणि ४ हे स्टीरिओ जोडी म्हणून न ठेवता वेगवेगळे मोनो करा. तशी सोय नसेल तर आवाज पूर्ण डावीकडे आणि सिंथ पूर्ण उजवीकडे पॅन करा. सेंड, म्हणजे ट्रॅकची व्होकोडरकडे जाणारी प्रत, प्री-फेडर (ट्रॅकच्या आवाजाच्या पट्टीच्या आधीच घेतलेली) ठेवा, म्हणजे मूळ ट्रॅक स्पीकरवर बंद असला तरी व्होकोडरला जात राहतो. परत आलेला सिग्नल नव्या ट्रॅकवर घ्या आणि त्या ट्रॅकचं आउटपुट फक्त १-२ वर ठेवा. तो चुकून ३ किंवा ४ कडे गेला तर यंत्र स्वतःचाच आवाज खात बसतं आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. पहिल्यांदा चालू करताना हेडफोन कानातून काढून ठेवलेले बरे. काही इंटरफेस मुळात ३-४ वर १-२ चीच नक्कल पाठवतात, ते त्यांच्या मिक्सरच्या विंडोत जाऊन बदलावं लागतं.

पातळीकडे लक्ष द्या. व्होकोडरवर माइक आणि लाइन असं बटण असेल तर लाइनवर ठेवा. फक्त माइकचंच इनपुट असेल तर सेंड ३०-४० डेसिबल खाली आणा, नाहीतर अक्षरं फाटतील. जुनी यंत्रं बरेचदा घरगुती पातळीवर चालतात, म्हणजे स्टुडिओच्या +४ पातळीपेक्षा साधारण १२ डेसिबल खाली. त्यामुळे कॅरियरच्या बाजूलाही सेंड थोडा कमी ठेवूनच सुरुवात करा. लाल दिवा फक्त जोरकस शब्दांवर लुकलुकला पाहिजे.

आता खरी गंमत. 'माझ्या व्होकोडरचे शब्द कळत नाहीत' ही तक्रार असते तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष जोडणीत नसतो, आत काय पाठवलंय त्यात असतो.

आधी कॅरियर. साइन लहर किंवा मऊ पॅड पाठवलात तर वरच्या पट्ट्यांत काही नसतंच, मग तुमचं 'ई' आणि 'ए' येणार कुठून? सॉटूथ किंवा अरुंद पल्स घ्या, सिंथचा फिल्टर पूर्ण उघडा, रिव्हर्ब आणि डिले बंद करा. एकट्याने ऐकलं तर कर्कश वाटेल इतका भरलेला सूर हवा. स्वरही फार खाली नको. तीन-चार स्वरांचा कॉर्ड मधल्या सप्तकात दाबून धरा.

मग आवाज. त्याला आधी सॉफ्टवेअरमध्येच चांगला कसून कॉम्प्रेस करा, एरवी गाण्यावर कधी करणार नाही इतका. पुटपुटलेलं अक्षर आणि ओरडलेलं अक्षर जवळपास एकाच उंचीवर आलं पाहिजे. पण कॉम्प्रेसरच्या आधी गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावा किंवा ओळींमधल्या रिकाम्या जागा कापून टाका. खोलीतला पंखा आणि हेडफोनमधून झिरपलेला ठेकाही व्होकोडरला आवाजच वाटतो आणि तो पट्टे उघडत राहतो. ८०-१०० हर्ट्झखालचं सगळं कापा. डी-एसर (स-श ची धार कमी करणारं साधन) मात्र लावू नका. इथे उलट ५ किलोहर्ट्झच्या वर थोडं उचलायचं असतं.

कारण स, श, ख, फ, च ही अक्षरं. यांत सूर नसतो, नुसती हवा असते, आणि सिंथच्या सुरात तशी हवा नसते. याचं मूळ यंत्राच्या इतिहासात आहे. १९३० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी व्होकोडर तयार केला तो संगीतासाठी नव्हे, कमी जागेत टेलिफोनवरचं बोलणं पाठवता यावं म्हणून. त्यांच्या रचनेत ध्वनीचे दोन स्रोत होते: घोष अक्षरांसाठी गुणगुण आणि अघोष अक्षरांसाठी फुसफुस. संगीतवाल्यांनी गुणगुणीच्या जागी सिंथ बसवला आणि फुसफुशीची सोय काही यंत्रांत ठेवली, काहींत नाही. तुमच्या यंत्रावर नॉइज, अनव्हॉइस्ड किंवा हाय-पास थ्रू असं काही लिहिलेलं बटण असेल तर ते आधी शोधा. नसेल तर सिंथमध्येच पांढरा नॉइज थोडासा मिसळा, सुराच्या मानाने १५-२० डेसिबल खाली. 'शेवटची संधी' ही दोन शब्दांची ओळ नॉइजशिवाय आणि नॉइजसह काढून पाहा. पहिल्यात 'श' आणि 'स' गायब होऊन 'एवटची अंधी' ऐकू येतं.

एवढं करूनही शब्द पुसट राहिले तर पट्ट्यांची संख्या बघा. २००२ च्या मायक्रोकॉर्ग या सिंथच्या व्होकोडरमध्ये ८ पट्टे आहेत, तर १९७६ च्या ईएमएस व्होकोडर ५००० मध्ये २२. आठ पट्ट्यांच्या यंत्राकडून बातम्या वाचून घेण्याची अपेक्षा ठेवू नये. मिक्समध्ये मूळ आवाजाची एक प्रत घ्या, तिचा ४ किलोहर्ट्झखालचा भाग कापा आणि अगदी हळू खाली ठेवा. ऐकणाऱ्याला वेगळा आवाज जाणवत नाही, शब्द मात्र कळतात.

आता सिग्नल बाहेर जाऊन परत येताना होणाऱ्या उशिराचं गणित. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेला ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दहाच्या वर. आवाज आणि कॅरियर दोन्ही सॉफ्टवेअरमधूनच निघत असल्यामुळे ते एकमेकांच्या बरोबर असतात, फक्त परत आलेला ट्रॅक मागे पडतो. लॉजिकमध्ये आय/ओ प्लगइन, रीपरमध्ये रीइन्सर्ट, क्यूबेसमध्ये एक्स्टर्नल एफएक्स अशी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली साधनं पिंग, म्हणजे एक छोटा चाचणीचा ठोका, पाठवून हा फरक मोजतात, पण व्होकोडर जोडलेला असताना पिंग फसतं. पिंग आवाजाच्या बाजूने जातं, कॅरियर शांत असतो, परत काहीच येत नाही. म्हणून मोजताना ३ नंबरची केबल व्होकोडरमधून काढून थेट परतीच्या इनपुटला लावा, आकडा घ्या, मग पुन्हा जोडा. यंत्र अ‍ॅनालॉग असेल तर एवढं पुरतं. डिजिटल असेल तर त्याचा स्वतःचा उशीर वर चढतो, तो हाताने जुळवा: कॅरियरचा कॉर्ड धरून ठेवायचा, आवाजाच्या जागी क्लिक पाठवायचा आणि परतलेल्या लहरीचा चढ जिथे सुरू होतो तिथून मूळ क्लिकच्या जागेपर्यंत ट्रॅक डावीकडे सरकवायचा. आणि हो, शेवटचं बाउन्स, म्हणजे गाण्याची तयार फाइल काढणं, रिअल टाइममध्येच करावं लागतं. बाहेरचं यंत्र चौपट वेगाने गात नाही. त्यापेक्षा परतीचा ट्रॅक आधीच रेकॉर्ड करून ठेवा.

विजेची सततची गुणगुण ऐकू आली तर ती आवाजाच्या केबलमधून येते की कॅरियरच्या, ते एकेक काढून बघा. बहुतेक वेळा कॅरियरची असते आणि खालच्या पट्ट्यांतून सरळ बाहेर पडते. बॅलन्स्ड केबल किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला की जाते. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.