रेसिंगच्या गाड्या बनवायला मुलीला पाठवू की नको?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी फर्मागुडीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये (ही मुलं स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवतात) दिवसरात्र असते, आणि आता म्हणतेय मास्टर्स करून रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीतच जाणार. वडिलांचे दोन ट्रक खाणीवर होते. ते लिहितात, "एका सहीवर चालणारा धंदा एका सहीवर बंद पण होतो, हे मी २०१२ ला बघितलं आणि परत २०१८ ला बघितलं. ही म्हणते अमेरिकेत सरकार रेसिंगच्या कंपनीला सबसिडी देतं म्हणून फिल्ड सेफ आहे. मला तर त्याचीच भीती वाटते. तिला नाही म्हणू का?"

भाऊ, नमस्कार. नाही म्हणू नका. पण तुमची भीती तिला पूर्ण सांगा, ट्रक दारात उभे होते आणि बँकेचे हप्ते चालू होते ते दिवस कसे काढले ते सगळं सांगा, कारण या विषयात ती गोष्ट कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाची आहे.

सबसिडीचं ती जे सांगते ते खरं आहे. २०१० मध्ये इंडीकार या अमेरिकेतल्या रेसिंग मालिकेच्या नव्या गाडीसाठी पाच जण स्पर्धेत होते, त्यात इटलीच्या दल्लाराला काम मिळालं. मग इंडियाना राज्याने काय केलं तर कंपनीने तिथे स्पीडवे गावात कारखाना काढावा म्हणून सवलती दिल्या, आणि राज्यातल्या टीमना पहिल्या २८ गाड्यांवर प्रत्येकी दीड लाख डॉलरची सूट. चॅसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, किंमत होती ३ लाख ४९ हजार डॉलर, म्हणजे बघा किती मोठा वाटा सरकारचा झाला. राज्याचा हिशेब साधा होता, टीम आपल्याकडे, ट्रॅक आपल्याकडे, मग गाडी पण आपल्याकडेच बनू दे. मला हा हिशेब चुकीचा वाटत नाही.

पण तिला पुढचं विचारा. बाकीच्या चौघांचं काय झालं? त्यात इंग्लंडची लोला होती, पन्नास वर्षं रेसिंग गाड्या बनवणारी कंपनी, ती २०१२ मध्ये बुडाली. सगळं खापर या एका टेंडरवर फोडणार नाही मी. पण जिथे एकच कंपनी गाडी पुरवणार असं ठरतं तिथे जो हरला त्याला दुसरं गिऱ्हाईक उरत नाही. आणि हे सगळं सबसिडीमुळे झालं असंही नाही हां, त्याच्या दहा वर्षं आधी रेनार्ड नावाची मोठी कंपनी, जी अमेरिकेत आणि सगळीकडे ढिगाने गाड्या विकत होती, ती खुल्या बाजारातच २००२ ला दिवाळखोरीत गेली. म्हणजे सबसिडी आहे म्हणून सेफ हे मुलीचं चूक, आणि सबसिडी नसेल तर सेफ असं तुम्हाला वाटत असेल तर तेही चूक.

मग टिकतं काय? इंग्लंडचं बघा. युद्धानंतर तिथे विमानतळं रिकामी पडली होती, सिल्व्हरस्टोन त्यातलंच एक, १९५० मध्ये फॉर्म्युला वन चॅम्पियनशिपची पहिली रेस तिथेच झाली. विमानतळं सरकारी पैशाने बांधलेली, पण रेसिंगसाठी नाही. त्यावर गाड्या पळवल्या त्या गॅरेजवाल्यांनी. पुढे १९६७ मध्ये फोर्डच्या १ लाख पौंडांवर कॉसवर्थ या तिथल्या कंपनीने डीएफव्ही नावाचं रेसिंग इंजिन बनवलं, पहिल्याच रेसला जिंकलं, आणि दुसऱ्या वर्षापासून ते इतर टीमनाही विकायला लागले. साडेसात हजार पौंड टाका, इंजिन घ्या, बाकीची गाडी तुम्ही बनवा! त्यामुळे छोट्या छोट्या टीम उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आजूबाजूला गिअरबॉक्सवाला, मोल्डवाला, सस्पेन्शनवाला असा प्रत्येकजण धंद्याला लागला. एक टीम बंद पडली की तिथला माणूस दोन गावं सोडून दुसऱ्या टीममध्ये. आपली महिंद्राची फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची रेस) टीम सुद्धा तिथेच बॅनबरीला बसते, याचं कारण हेच.

आपल्याकडे सरकारचा पैसा बहुतेक शर्यत भरवण्यात जातो, गाडी बनवण्यात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हैदराबादला २०२३ मध्ये फॉर्म्युला ई झाली, सरकार बदललं, २०२४ ची रद्द. चेन्नईत २०२४ मध्ये शहराच्या रस्त्यावर रात्रीची रेस झाली, छान झाली, पण तिथे पळणारी एफ४ ची (नवख्या ड्रायव्हरांच्या फॉर्म्युला रेसची) गाडी फ्रान्सच्या मिगाल कंपनीची. ज्याने खरंच इथे गाड्या बनवल्या तो कोइम्बतूरचा करिवर्धन, कापड गिरणीवाल्या घरातला, त्याने मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती बनवली आणि पोरांना परवडेल अशा रेसिंगला सुरुवात करून दिली. कोइम्बतूरलाच का? कारण तिथे गिरण्या, पंपांचे कारखाने, फाउंड्री, लेथवाले आधीपासून होते. त्याच्या नावाच्या ट्रॅकवर आज फॉर्म्युला भारत ही कॉलेजच्या टीमची स्पर्धा होते, तुमच्या मुलीला पाठ असेल तो ट्रॅक.

आता गोव्याचं. इथे रेसिंग कंपनी नाही आणि लवकर येईल असं मी सांगणार नाही. पण रेसिंग गाडीचं अंग ज्याचं बनतं ते कॉम्पोझिटचं, म्हणजे फायबर आणि रेझिन एकत्र करून पार्ट बनवण्याचं, काम इथे होतं, पिळर्णला किनेको कंपनी आहे, रेल्वेचे आणि एरोस्पेसचे पार्ट बनवते. फायबरच्या होड्या बनवणारे तर आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहेत. कार्बन फायबरचं कापड फ्रीझरमधून काढायचं, मोल्डमध्ये थरावर थर नीट दिशा बघून बसवायचे, बॅग लावून हवा ओढायची, मग ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाब आणि उष्णता, हे ज्याच्या हाताला येतं त्याला विमान, रॉकेट, होडी, पवनचक्की सगळीकडे दारं उघडी असतात. तुमचा ट्रक खाण सोडून कुठे जाऊ शकत नव्हता भाऊ, तिचं काम जाऊ शकतं. मी नाही म्हणू नका म्हणते ते एवढ्याचसाठी, आणि हीच अट तिला घाला की विषय असा निवड जो रेसिंग बंद पडली तरी चालेल. कॉम्पोझिट, मशीनिंग, व्हेइकल डायनॅमिक्स (गाडी रस्त्यावर कशी वागते त्याचा अभ्यास), सिम्युलेशन. नुसतं "मोटरस्पोर्ट" लिहिलेली चकचकीत डिग्री नको.

मास्टर्ससाठी इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स आहेत, खर्च दणकून येतो. त्यापेक्षा आधी इटलीचा म्युनर हा मोटारगाड्यांच्या इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम बघायला सांगा, २०१७ मध्ये सुरू झाला, तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटी आणि फेरारी, दल्लारा, डुकाटी वगैरे कंपन्या मिळून चालवतात, इंग्रजीत शिकवतात आणि फी त्या मानाने खूप कमी. गोवा सरकारची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, मनोहर पर्रीकर स्कॉलर्सची पण आहे, त्या वर्षीच्या अटी वाचून अर्ज करा. ही मदत घ्यायला बिलकुल घाबरू नका, एकदा शिकून झालं की ते शिक्षण कोणी परत नेऊ शकत नाही. फक्त डिग्रीनंतर लगेच जाऊ नका, दोन वर्षं शॉपफ्लोअरवर काम करू दे, कर्ज निम्मं लागेल आणि आपल्याला हे खरंच आवडतंय का तेही कळेल.

चवथीच्या सुट्टीनंतर पिळर्ण किंवा वेर्णाच्या कारखान्यात इंटर्नशिपसाठी तिला स्वतः अर्ज लिहायला सांगा, तुम्ही ओळख लावू नका. टीमच्या गाडीत तिने स्वतःच्या हाताने नेमका कुठला पार्ट बनवला ते त्यात पहिल्या ओळीत आलं पाहिजे. अर्ज तयार झाला की मला पाठवा, मी बघून देते.