मेजरसाहेबांच्या फलकावर काय लिहावे?

प्रश्न : आमचे आबाजी १९६३ साली फौजेत भरती झाले होते. ते वारल्यावर आता ग्रामपंचायत शाळेच्या भिंतीवर त्यांचा फलक लावते आहे. सारे गाव त्यांना मेजरसाहेब म्हणायचे, ७१ ची लढाई लढले असेही सांगते. पेटीतल्या डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळालेल्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तिकेत) मात्र 'हवालदार' आणि 'जिल्हा अकोला' आहे. सोबत पदके आणि जुनी पत्रे आहेत. फलकावर काय टाकावे?
– एक वाचक, मंगरूळपीर तालुका

उत्तर : जिल्ह्याचा घोर सोडा. तुमचा तालुका आता ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, तो अकोल्यातून वेगळा झाला तोच १९९८ साली. १९५६ च्या आधी इथून भरती झालेल्यांच्या कागदावर तर राज्यही मध्य प्रदेश दिसते.

हुद्द्याचे मात्र नीट पाहा. हवालदाराची कंपनी हवालदार मेजर म्हणून नेमणूक होते, आणि गावात आल्यावर त्यातला 'मेजर' तेवढा उरतो. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा, तो फलकावर कोरू नका. उलटही घडते. निवृत्तीच्या वेळी किंवा नंतर मानद नायब सुभेदार (हवालदाराच्या वरचा हुद्दा) केले असेल, तर ते बुकात नसते, पीपीओत (पेन्शनच्या मंजुरी आदेशात) किंवा नंतरच्या पत्रात सापडते. हे कागद पाहिल्याशिवाय कारागिराला मजकूर देऊ नये, कारण ग्रॅनाइटवरचे अक्षर खोडता येत नाही.

आता ७१. बुकात पदकांची नोंद असते, ती वाचा. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचे पदक) किंवा 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचे) असेल, तर आबाजी त्या आघाडीच्या क्षेत्रात होते. ही पदके चांदणीच्या आकाराची असतात. संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे मेडल ही दोन्ही गोल, आणि त्या काळात नोकरीत असलेल्या बहुतेकांना मिळालेली. नुसत्या या दोघांवरून 'लढाईत सहभाग' लिहिता येत नाही, '१९७१ च्या युद्धकाळात सेवेत' एवढे लिहा. त्यात काही कमीपणा नाही. गोल पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव कोरलेले असते. तो नंबर बुकातल्या नंबराशी जुळवा. भाऊबंदांच्या पेट्यांत पदकांची अदलाबदल होते.

पत्रांवर '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचे टपाल कार्यालय) दिसले तर गाव शोधत बसू नका. पलटण कुठे आहे हे लपवण्यासाठीच तो पत्ता असतो. ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडचा भाग, एवढेच कळते.

बुकातले पान फाटले असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा : महार रेजिमेंटचे सागरला, गार्ड्स रेजिमेंटचे कामठीला. सेवा नंबर, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. नंबराशिवाय गेलेला अर्ज पडून राहतो, एका नावाचे शिपाई पुष्कळ.

आणखी एक : नोकरी पूर्ण करून घरी आलेल्या माणसाला 'शहीद' लिहू नये. 'माजी सैनिक' हाच शब्द बरोबर.

प्रश्न : पदके काळी पडली आहेत. चिंच लावून किंवा पितांबरीने घासली तर चालतील?

उत्तर : नाही. घासून आधी कडेवरची अक्षरे जातात, म्हणजे नेमका पुरावाच. कोरड्या मऊ सुती कपड्याने पुसा आणि रिबन ओली करू नका. डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन नको, एकदा केले की काढताना पान फाटते. सपरीत सावलीला ठेवून, फ्लॅश बंद करून प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचाही. शिक्का कधी कधी तिथेच उमटलेला असतो.