मेझो-सोप्रानो व्हायचंय, पण सतराव्या वर्षी काय ठरवायचं?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या एका आईंची मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते. मैत्रिणीमुळे चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानात, गायला लागली. तिथे पुण्याहून आलेल्या एका शिक्षिकांनी "तुझा आवाज मेझो-सोप्रानो आहे", म्हणजे बायकांच्या आवाजातला मधल्या पट्टीचा, असं सांगितलं आणि तेव्हापासून तिला ऑपेराचा ध्यास लागलाय. वडिलांना इंजिनिअरिंग हवंय, गुरुजी म्हणतात दोन्ही केलंस तर गळा बिघडेल, नातेवाईक म्हणतात आवाज पुरुषी आहे. आई विचारतात, यात पोट भरतं का?

ताई, नमस्कार.

नातेवाइकांचं आधी बघू. जड आवाज हा दोष असता तर केसरबाई केरकर झाल्याच नसत्या. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. निदान कोल्हापुरात तरी बाईच्या भारदस्त आवाजाला कुणी नावं ठेवू नयेत. ऑपेरात या आवाजाला मानाच्या भूमिका आहेत: बिझेची कार्मेन, रॉसिनीची रोझिना, व्हर्दीच्या 'आइदा'मधली राजकन्या अम्नेरिस. मोत्सार्टच्या 'फिगारो'मधला केरुबिनो हा पोरगा आहे, पण त्याची भूमिकाही मेझोच करते. आपल्याकडे पुरुष स्त्रीपार्ट करायचे, तिथे हे उलटं.

तरीही 'मेझो' हा शिक्का इतक्यात पक्का धरू नका. मुलगी खालच्या पट्टीत गाते एवढ्यावरून ते ठरत नाही. आवाज न थकता कुठे रमतो, वर जाताना कुठे वळण घेतो, त्याचा रंग कसा आहे, हे पाहावं लागतं आणि विशी ओलांडली तरी ते बदलत राहतं. जड भूमिका गायला बहुतेक जणींची तिशी उजाडते.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ नीट पाहिला. कार्मेनचं 'हाबानेरा' म्हणताना खालचे स्वर सुरेख भरीव लागतात. वर जाताना मात्र हनुवटी उचलली जाते, मानेच्या शिरा ताणतात आणि ओळ संपायच्या आत श्वास संपतो. हे गाणं फार उंच जात नाही म्हणून सोपं वाटतं. पण अख्खी कार्मेन म्हणजे वाद्यवृंदासमोर, माइकशिवाय, काही तासांचं काम. सध्या तिने जुनी छोटी इटालियन गाणी म्हणावीत, हाबानेरा बाजूला ठेवावं.

गुरुजींची काळजी अनाठायी नाही. गळा एकच असला तरी सवयी वेगळ्या लागतात. ऑपेराच्या गायिकेला ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाची धार कमवावी लागते, कारण त्या कंपनसंख्येला वाद्यवृंदाचा जोर कमी असतो आणि आवाज त्यावरून पार शेवटच्या रांगेत पोचतो. केशवराव भोसल्यांच्या काळातले संगीत नाटकातले नट माइकशिवायच नाट्यगृह भरून टाकत, म्हणजे ही मागणी आपल्याला अगदीच परकी नाही. दोन्ही शिक्षकांना एकमेकांबद्दल मोकळेपणाने सांगा आणि एकाच दिवशी दोन्हींचा लांब रियाज टाळा. गाऊन झाल्यावर आवाज बसत असेल तर मात्र थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, काढ्यांवर भागवू नका.

आता पोटाचं. भारतात गायकांना महिन्याचा पगार देणारी ऑपेरा कंपनी नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ साली पुन्हा उघडलं, तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्रातही कार्यक्रम होतात, पण त्यावर घर चालत नाही. इथे राहून मिळकत होते ती शिकवण्यातून: आंतरराष्ट्रीय शाळा, खासगी विद्यार्थी, क्वायर बसवणं. पगारी रंगमंच हवा असेल तर जर्मनीकडे पाहावं लागतं. तिथे सरकारी मदतीवर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत. त्यांच्या कायम गायकसंचात किंवा कोरसमध्ये, म्हणजे समूहगायकांत, जागा मिळाली तर दरमहा पगार असतो. स्पर्धा जीवघेणी असते आणि सोप्रानोंइतकी (उंच पट्टीच्या गायिकांइतकी) नसली तरी मेझोंचीही रांग मोठी असते. हे तिच्यासमोर स्पष्ट बोला, तिला कळतं.

खर्चाचं म्हणाल तर लंडनच्या नामांकित संस्थांची परदेशी विद्यार्थ्यांची फी वर्षाला पंचवीस-तीस लाखांच्या पुढे जाते. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नसते, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याचे सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. प्रवेश मात्र गाऊन दाखवूनच मिळतो, बारावीच्या टक्क्यांवर नाही.

म्हणून माझं मत: अठराव्या वर्षी परदेशी धाडू नका, आणि इंजिनिअरिंगही नको. तिथल्या सबमिशन आणि प्रॅक्टिकल्समध्ये रोजचा रियाज टिकवणं फार अवघड जातं. तिने पुण्यात बी.ए.ला जावं आणि जर्मन शिकावं, त्यासाठी रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे. वडिलांनाही सांगा, जर्मन पक्कं झालं तर गाण्यात काही झालं नाही तरी त्या भाषेवर नोकरी मिळते. जोडीला गाण्याची शिकवणी आणि पियानो. पियानो यासाठी की तिची खरी उणीव गळ्यात नाही, कागदावर आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी समोर ठेवली तर तिला वाचता येत नाही, आणि प्रवेशपरीक्षेत हे लपत नाही. कान मात्र तिचा तयार आहे, तंबोऱ्यावर घासलेला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा दिल्या तर वाचनाला शिस्त लागेल. विशी-एकविशीत जर्मनीची प्रवेशपरीक्षा द्यावी. काही ठिकाणी वयाची अट असते, ती आधी तपासून ठेवा.

पुणे लगेच जमणार नसेल तर पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, आपल्याला पणजी काही पुण्याहून लांब नाही. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो लंडनमध्ये शिकल्या आणि आता भारतात येऊन 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' या उपक्रमातून मुलांना शिकवतात. त्यांच्या कार्यशाळेवर लक्ष ठेवा.

बोर्डाची परीक्षा झाली की पहिल्या शिकवणीला तिच्या वडिलांनाच सोबत पाठवा. शिक्षकांना एवढंच विचारायला सांगा की पहिलं वर्षभर काय शिकवाल. श्वास, स्वरोच्चार आणि वाचन असं उत्तर आलं तर तिथेच नाव घाला. "महिनाभरात कार्मेन बसवून देतो" म्हणाले तर नमस्कार करून निघा आणि दुसरे शिक्षक शोधा.