अंगठा घेण्याआधी

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कचेरीत तुला मराठी म्हणतात, गावात सरकारची म्हणतात. म्हणून कर्नाटकातली ही तलाठ्याची नोकरी सोडून महाराष्ट्रातल्या परीक्षेला बसावं का, असं विचारतेस. परीक्षेचं नंतर बघू. मध्येच तू एक ओळ टाकली आहेस: ‘म्हातारीला कन्नड येत नव्हतं, गर्दी होती, जबाब लिहिला आणि अंगठा घेतला.’ त्या ओळीचा मला राग आलाय.

अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायचं. मराठीत. सगळं.

‘मावशी, वारसाचं आहे, करा अंगठा’ याला वाचून दाखवणं म्हणत नाहीत. सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, चतुःसीमा, वारसांची नावं हे एकेक वाक्य थांबून वाच. मग तिला विचार, ‘पूर्वेला कोणाचं शेत?’ तिचं उत्तर कागदाशी जुळलं तरच पुढे जा. शेवटी कन्नडमध्ये ओळ घाल, की हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला आणि तो बरोबर आहे. अंगठ्याशेजारी नाव आणि कोणत्या हाताचा ते लिही. खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. वर गिरवायचं नाही. पंच दोन्ही भाषा जाणणारे घे, आणि त्यांच्यात जमिनीवर डोळा असलेला भाऊबंद नको. कोऱ्या कागदावर अंगठा कोणी कितीही घाई केली तरी नाही. याला दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

वारसाच्या नोंदीत सगळ्यात जास्त काय बिघडतं? लेकींची नावं गळतात. खानापूरची लेक चंदगडला दिली, निपाणीची कागलला. घरचे म्हणतात तिने हक्क सोडलाय. तोंडी सोडलेला हक्क सोडलेला नसतो, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा जन्मतः हिस्सा आहे. वंशावळ मोठ्याने वाचलीस की कोपऱ्यात बसलेली एखादी आत्या म्हणते, ‘अगं, धाकटीचं नाव राहिलं.’ न वाचता अंगठे घेतलेस तर ते नाव पुढे कोर्टातच निघतं. आणि कोणी हरकत घेतली तर न्याय करायला तू बसू नकोस, तक्रारीची नोंद करून वर पाठव.

नावांचंही तसंच. कन्नडमध्ये लिहिताना धोंडिबाचा दोंडिबा होतो, भरमाण्णाचा बरमाण्णा. उताऱ्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि मदतीचे पैसे अडकतात. आधार समोर ठेवून अक्षर अक्षर जुळव. क्षेत्राची बेरीज कॅल्क्युलेटरवर दशांशासारखी मारू नकोस. १ एकर २५ गुंठे आणि ३० गुंठे मिळून २ एकर १५ गुंठे होतात, १.५५ नव्हे. पहाणीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याच्या, कॉलम ३ मधलं क्षेत्र आणि कॉलम ९ मधल्या खातेदारांची बेरीज जुळत नाही, हे दुखणं पुष्कळदा अशाच चुकीतून सुरू होतं. कधी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वजा करायचा राहिलेला असतो.

वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं की पंचनाम्यांचा ढीग पडेल. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर पुन्हा आला तर श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही, आणि नेमकं तेव्हाच वाचायचं टाळावंसं वाटेल. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली लिहिलं तर मदत नाही. घराची पडझड १५ टक्क्यांच्या आत दाखवली तरी तेच. एका शब्दाने माणूस यादीबाहेर जातो. तो शब्द त्याच्या कानावर पडलाच पाहिजे, म्हणजे पडलेली मागची भिंत तो तुला तिथेच दाखवेल.

मराठीत लिहिलेला अर्ज कोणी आणला तर परत पाठवू नकोस. गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, घटनेचं कलम ३५० आहे. कन्नड तर्जुमा करून जोड आणि मूळ अर्ज फायलीतच ठेव. सकालाची, म्हणजे कर्नाटकातल्या ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कायद्याची, पोच हातात दे. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० भरपाई त्या माणसाला मागता येते, हेही त्याला सांग.

मी हळू काम करणारा म्हणून ओळखला गेलो. बढतीत मागे राहिलो ते यानेच, असं अजून घरचे म्हणतात. खरं असेल. पण सुरुवातीच्या वर्षांत न वाचता घेतलेले अंगठे मला आजही आठवतात, उशिरा झालेल्या फायली नाही. मी चुकलो तो हळू होतो म्हणून नाही, तेव्हा पुरेसा हळू नव्हतो म्हणून. हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

तुझं कन्नड अजून कच्चं आहे, ते मात्र पक्कं कर. जो कागद तुला स्वतःला नीट कळत नाही तो तू मराठीत काय वाचणार? दोन्ही भाषा येणारी तलाठी त्या गावाला हवी आहे. ती तू आहेस, म्हणून तुझ्या प्रश्नावर मी एवढा चिडलो.

उद्या त्या म्हातारीकडे परत जा. फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर जबाब पुन्हा वाच, चूक निघाली तर पुरवणी जबाब घे आणि सर्कलला, म्हणजे तुझ्या वरच्या महसूल निरीक्षकाला, कळव. रविवारी घरी ये. तू लिहिलेले दोन-तीन जबाब नावं झाकून आण, कन्नड वाक्यं बसून तपासू. जेवायलाच ये.

तुझा काका