'मास्टर इमेज'ला मराठीत काय म्हणावं?

मास्टर इमेज म्हणजे सगळं बसवून तयार केलेल्या एका पीसीच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, ती मग बाकीच्या पीसींवर टाकतात. प्रश्न असा आला आहे: नागपूरच्या एका कॉलेजात लॅबच्या सूचनापत्रकावर यासाठी 'मुख्य प्रणाली प्रतिमेद्वारे लिनक्सची स्थापना' असं छापलंय. हे बरोबर आहे का? दुसरा शब्द आहे का?

व्याकरणात चूक काही नाही. पण 'प्रतिमा' आणि 'स्थापना' एका ओळीत वाचल्यावर हार-फुलं आणावीत की पेनड्राइव्ह, हे कळत नाही. आरशातली प्रतिमा असो की पुढाऱ्याची मलिन झालेली, प्रतिमा म्हणजे नुसतं रूप. डिस्कच्या इमेजमध्ये पार्टिशन (डिस्कचे भाग), बूटलोडर (पीसी सुरू करून देणारा प्रोग्राम), फायली असा अख्खा ऐवज येतो. इमेज बनवणारं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर सहसा डिस्कचा वापरलेला भागच उचलतं, लिनक्समधली 'डीडी' ही कॉपी करणारी कमांड रिकामी जागासुद्धा सोडत नाही.

नागपुरात बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "इमेज मारून राहिलो ना भाऊ, थांबा जरा." 'फॉरमॅट मारणे'च्याच रांगेतलं हे क्रियापद. लिहिताना 'टाकणे' बरं.

'साचा' अनेकांना आवडतो, मलाही. फक्त एक अडचण आहे. साच्यातून निघालेल्या वस्तूवर आधीच्या वस्तूची ओळख नसते. इमेजमधून ती जशीच्या तशी येते. मास्टर पीसीचं (ज्याच्यावरून इमेज घेतली त्याचं) नाव, एसएसएचच्या होस्ट-कीज (दुरून लॉगिन करताना पीसीची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या), 'इटीसी' फोल्डरातली 'मशिन-आयडी' फाइल (त्या पीसीचा ओळख क्रमांक), सगळं. ही आयडी सारखी राहिली तर काही लिनक्समध्ये दोन पीसींना डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी पत्ता मिळू शकतो आणि लॅबभर बोंब होते. म्हणून इमेज घेण्याआधी मास्टरवरची ती फाइल रिकामी करतात (उडवत नाहीत). मग प्रत्येक पीसी पहिल्यांदा सुरू होताना आपली नवी आयडी बनवतो. होस्ट-कीजही पुसायच्या, पण सगळ्याच लिनक्समध्ये त्या आपोआप परत येतात असं नाही, तिथे नव्याने बनवाव्या लागतात. एवढी साफसफाई झालेल्या इमेजला खुशाल साचा म्हणा. त्याआधी ती 'मूळ प्रत'च.

पत्रकात मात्र मी 'मास्टर इमेज'च ठेवीन, पोरांना स्क्रीनवर तोच शब्द दिसतो. जपायचं ते 'काढणे'पासून. झेरॉक्स काढतात तेव्हा एक प्रत वाढते, पण पीसीवरची फाइल काढली की ती जाते. 'इमेज काढा' वाचून कोणी डिलीट केली तर त्याला बोलता येणार नाही. 'मास्टर पीसीवरून इमेज बनवा' आणि 'नव्या पीसीवर इमेज टाका' असं लिहा.